पेवातला रातकिडा

८ सप्टेंबर, सोमवार

विसर्जन आटोपलं. स्पीकरचे बॉक्स गोडाऊनला परत आले, त्यातले दोन फाटलेले. कानात सीं चालू आहे. दरवर्षीचंच, दोन दिवस नीट झोपलो की जातं.

दुपारी जावेदचा पुण्याहून फोन. नवा अल्बम झाला. "नऊ गाणी पाठवलीत नाग्या. आपला जुना पण साफसूफ करून घेतलाय, दोन्ही दसऱ्याला संगंच काढायचे. तू व्हय म्हणल्याशिवाय मी पुढं सरकत न्हाय."

बँड मोडून किती वर्षं झाली. तो पुण्यात गिटार वाजवतो, मी उमरग्यात लग्नाचे आणि मिरवणुकीचे बॉक्स लावतो. तरी त्याचं प्रत्येक गाणं आधी माझ्याकडं येतं. माझ्या आयुष्यातली ही एक गोष्ट मला अजून आवडते. सौ. ही वही वाचत नाही म्हणून लिहितो.

९ सप्टें.

आधी जुना ऐकला. गोडाऊनचं शटर ओढून, हेडफोन लावून. साफ केलेली फाइल.

पहिल्याच ठोक्याला पेव आलं समोर. जावेदच्या मागच्या अंगणातलं जमिनीखालचं ज्वारीचं पेव, रिकामं पडलेलं. वर एक माणूस जाईल एवढंच तोंड, आत खोलीएवढी जागा, सगळी माती. अ‍ॅम्प दोरानं आत सोडला, मागोमाग माइक, तोंडावर फरशी आणि अम्मीची वाकळ. कल्पना माझी. अ‍ॅम्प सोलापूरच्या रेडिओवाल्यानं सिनेमाच्या जुन्या मशिनमधून जुळवलेला, त्याच्या काचेच्या नळ्या तापायलाच पाव तास लागायचा. जावेद वर ओट्यावर बसून वाजवायचा, आवाज खालून मातीतून यायचा. गोल, थोडा ओलसर. पुण्यातल्या स्टुडिओत कुणाला तसा काढता आला नाही.

गिटार मधोमध, एकच. ड्रम मागं. तारेवरून बोट सरकल्याची चिरचिर सुद्धा आहे. आणि शेवटच्या गाण्याच्या शेवटी, गिटार विरत जाते तिथं रातकिडा. आत कुठंतरी फटीत होता, तीन दिवस शोधला, निघाला नाही. शेवटी जावेद म्हणाला, राहू दे, ह्यो आपला पाचवा मेंबर. आजही जागच्या जागी आला. बरं वाटलं.

१० सप्टें.

नवा ऐकला. दोनदा.

कसं लिहू. गाणी चांगली आहेत. चौथं तर फार चांगलं. पण गिटारवर कुणी घोंगडं टाकलंय. अ‍ॅम्प वापरलेलाच नाही, गिटार सरळ कॉम्प्युटरमध्ये, तयार टोन. वर एकाच गिटारच्या चार-चार प्रती, डावीकडं दोन, उजवीकडं दोन. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत सगळं सारखंच मोठं. कडव्यात दम घ्यायला जागा नाही. आणि वरची धार गायब. झांज आहे की पत्र्यावर पोतं आपटलंय कळत नाही. जुन्यात तार ऐकू येते, नव्यात नुसता फुगवटा.

एवढे पैसे घालून ही मंडळी आवाज मारतात कसा, देव जाणे.

११ सप्टें.

जावेदला फोन. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "डल वाटतो तुला? इकडं तर कुणी बोललं न्हाय."

मी म्हणालो, "त्यांनी पेव ऐकलंय का? सगळ्या गिटारची वरची धार, ट्रेबल, वर घे. भिऊ नको."

"बरं. तू म्हणतोस तर घेतो."

१३ सप्टें.

संध्याकाळी ओट्यावर बसलो. औंदा रातकिडे नाहीत. सोयाबीनवर इतकं फवारतात की काय उरणार. पूर्वी या दिवसांत कान किटायचे.

कानातली सीं गेलेली नाही. यंदा जास्त दिवस.

१५ सप्टें.

जावेदनं सुधारून पाठवला. किंचित बरा. अजून घोंगडं आहेच. "अजून घे," म्हटलं. "झांज पण."

१७ सप्टें.

मुक्तिदिनाचं झेंडावंदन, शाळेत साउंड आपला. मुख्याध्यापकांचं भाषण चालू असताना पुढच्या रांगेतल्या पोरांनी एकदम कानांवर हात दाबले. बाईंनी पण. मी मिक्सरपाशी उभा, कळेना काय झालं. शिपाई धावत आला, "अहो नागनाथराव, शिट्टी मारायलंय की माइक." मला तर काही शिट्टी वाटली नाही. तरी आवाज कमी केला. पोरं हसत होती. दंगा करायला निमित्तच हवं असतं त्यांना.

१९ सप्टें.

जावेदचा फोन, आवाज चढलेला. रेकॉर्डिस्टशी भांडण झालं. तो म्हणाला, एवढी ट्रेबल टोचते, हे असंच काढणार असाल तर माझं नाव टाकू नका. जावेद म्हणाला, नको टाकू. तो निघून गेला.

"सगळे म्हणायलेत टोचतंय. बायको पण म्हणली. पण मी सांगितलं, उमरग्याला माझा माणूस आहे, त्याच्या कानापुढं तुमचं काय चालत न्हाय."

फुगलो. खोटं कशाला बोलू. दिवसभर त्याच फुगाऱ्यात होतो.

२० सप्टें.

जावेद परत. मोकळा, हसत. "नवं झालं, आता जुन्याचं सांग. साफ केलेला कसा वाटला?"

"एक नंबर. रातकिडा ठेवलास ते फार बरं केलंस."

तो हसायला लागला. "ठेवला? अरे, त्यो तर उडवलाय मी. साफ करताना तेवढाच पुसला. तू शिव्या घालशील म्हणून वाट बघत होतो."

मीही हसलो. म्हणालो, "मग, तुला पकडला की नाही?" तो "लई बाराचा हैस" म्हणाला आणि फोन ठेवला.

हसलो खरा. पण मी तो ऐकला होता. ९ तारखेला लिहिलंय वर, जागच्या जागी आला म्हणून.

२१ सप्टें., रविवार

सकाळी गोडाऊन. जुनी सीडी कॉम्प्युटरवर घातली, साफ केलेली फाइल शेजारी. शेवटच्या गाण्याच्या शेवटाचं आवाजाचं चित्र पडद्यावर उघडलं, त्यात बारीक आवाज वर दिसतात. सीडीच्या चित्रात वरच्या बाजूला बारीक बारीक दाते, कंगव्यासारखे. तो रातकिडा. साफ फाइलमध्ये ती जागा कोरी.

मग दोन्ही ऐकल्या. मोठ्यानं. दोन्हीत मला तो सारखाच आला. डोळे मिटून परत. दोन्हीत सारखाच. मग गिटार वगळून नुसता दात्यांचा तुकडा कापला आणि एकटा वाजवला. काहीच नाही. आवाज पूर्ण वर नेला. काही नाही. शेजारचा टपरीवाला आला बघायला. "काय ओ, किती कर्कश लावलंय."

संध्याकाळी सौ. ओट्यावर शेंगा फोडत होती. सहज विचारावं तसं विचारलं, औंदा रातकिडे दिसत नाहीत.

"काय बोलताय? आता पण ओरडायलेत की. डोकं उठलंय माझं."

मी म्हणालो, हो, आहेत खरे. आत येऊन बसलो.

२३ सप्टें.

सोलापूर. कानाचे डॉक्टर. काचेच्या लहान खोलीत बसवलं, हातात बटण. आवाज आला की दाबा. आधी भराभर दाबत गेलो. मग वाट बघत बसलो. काचेपलीकडची मुलगी माझ्याकडं बघायची, मशिनकडं बघायची, परत माझ्याकडं. तिच्या चेहऱ्यावरून कळायचं की आवाज लावलाय. एकदा तिच्याकडं बघून खोटंच बटण दाबलं. तिनं मान हलवली, नाही.

कागदावरची रेघ मध्यापर्यंत ठीक, पुढं आडात पडल्यासारखी खाली. दोन्ही कान. डॉक्टर म्हणाले, "काम काय करता?" सांगितलं. म्हणाले, गेलेलं परत येत नाही. कानाला मशिन लावा, बोलणं स्पष्ट होईल. मी विचारलं, आणि गाणं? म्हणाले, गाण्याचं खात्रीनं सांगता येत नाही.

येताना एसटीत रडलो. खिडकीकडं तोंड करून. शेजारच्या बाईनं पाणी दिलं, म्हातारं माणूस गेलं का घरातलं, विचारलं. मान डोलावली.

२४ सप्टें.

सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही मुद्दाम लक्ष देत न्हाय. कुकरच्या शिट्टीवरनं किती भांडले मी." मग स्वतःच रडली. तिला समजावत बसलो.

म्हणजे घोंगडं नव्या अल्बमवर नव्हतं. जुना मला पाठ आहे. जे ऐकू येत नव्हतं ते मी आतून भरत होतो, तार, झांज, बोटाची चिरचिर. नवा पाठ नाही, तर तिथं भोक पडलं. त्या भोकाला मी जावेदच्या गिटारचा दोष म्हणालो.

२६ सप्टें.

१० तारखेचं परत परत वाचतो. सगळं सारखंच मोठं, दम घ्यायला जागा नाही, हे तरी खरं आहे का? वाटतं, खरं आहे. पण आता माझ्या कुठल्या शब्दावर माझाच भरवसा ठेवू. पेवातला आवाज तरी होता का तसा.

एक विचार रोज येतो, लिहून टाकतो. नाही सांगितलं तर? अल्बम दसऱ्याला निघेल. लोक म्हणतील टोचतोय. जावेद माझ्यासाठी सगळ्यांशी भांडेल आणि त्याला कधी कळणार नाही. पुढचं गाणं पण मलाच पाठवील.

त्या बहाद्दराची नऊ गाणी आहेत ती. चार वर्षं घातलीत त्यानं.

२८ सप्टें., रविवार

जावेद आला. अम्मीला भेटायला आणि शेवटचं मला ऐकवायला. गोडाऊनमध्ये बसलो. त्यानं चौथं गाणं लावलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिला, एकवीस वर्षांचा असताना बघायचा तसं. भुवई हलली की त्याला कळायचं.

मी गाणं थांबवलं. कागद पुढं केला, रेघेचा. रातकिड्याचं सांगितलं. शाळेतल्या शिट्टीचं सांगितलं.

तो कागद बघत राहिला. "कधीपासून?"

"माहीत नाही."

"अंदाजानं तरी?"

"खरंच नाही माहीत, जावेद."

"मागचा अल्बम पण तूच पास केलास. त्याच्या आधीचा पण." मग हळू आवाजात, "मग त्यातलं खरं काय होतं यार?"

 मी म्हणालो, जाऊन रेकॉर्डिस्टची माफी माग, त्याचंच बरोबर होतं, ट्रेबल खाली घे. तो म्हणाला, "हे पण तुझ्याच म्हणण्यावरनं करू का?"

उठला. पेन ड्राइव्ह काढून घेतला. जाताना पाठीवर हात ठेवील असं वाटलं, नाही ठेवला. त्याच्या गाडीचा आवाज चौकापर्यंत ऐकला, तेवढा येतो मला.

२९ सप्टें.

फोन नाही. मी केला, उचलला नाही.

दुपारी अम्मींकडं गेलो. त्या म्हणाल्या, "न जेवता गेलं पोरगं. तुमी दोघं भांडलात का रं?" न्हाय म्हटलं. मागच्या अंगणात पेव होतं तिथं आता सिमेंटची पाण्याची टाकी आहे. बुजवून किती वर्षं झाली, मलाच विसर पडला होता. टाकीला टेकून थोडा वेळ बसलो.

मंडळवाले आले, दुर्गेच्या विसर्जनाला बॉक्स हवेत. सांगतो म्हणालो.

३० सप्टें.

काही नाही. त्याच्याशिवाय मला कुणी कधी विचारलंच नव्हतं, कसं वाजतंय म्हणून. लग्नात विचारतात ते आवाज पोहोचतोय का एवढंच.

फार वाईट वाटतंय. यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

१ ऑक्टोबर

सकाळी जावेदचा मेसेज. अल्बम दसऱ्याला नाही. रेकॉर्डिस्ट परत आलाय. खाली दहा फाइल. नवी नऊ, आणि जुन्यातलं शेवटचं गाणं.

"ट्रेबल पैल्यासारखी केलीय. जुन्यात रातकिडा परत घातलाय. ऐक आणि सांग."

एवढंच. रागावलाय की नाही कळत नाही. दया म्हणून पाठवलंय का, तेही नाही. तीनदा वाचला.

सौ.ला दाखवला. ती म्हणाली, "मग लावा की."

"मला काय कळणार त्यातलं?"

"मी बसते शेजारी. किडा आला की हात दाबते तुमचा."

हेडफोन काढून लहान बॉक्स जोडलाय, दोघांना ऐकू यावं म्हणून. ती हात धुऊन येतेय. गाणं अजून लावलेलं नाही.