आधी आकृत्यांचे विषय

प्रिय दादा,

तुझी तब्येत बरी असेल असं मी धरून चालते, कारण फोनवर तू दुसरं काही सांगतच नाहीस. हे पत्र हातात पडल्यावर तू आधी हसशील. घरात सगळ्यांकडे फोन असताना जागृतीला हे काय सुचलं, असं म्हणशील. अक्षरं मोठी आहेत, कारण मी जाड काळ्या स्केचपेनने लिहितेय. एका ओळीत मोजके शब्द बसतात आणि पान लगेच भरतं, त्यामुळे पाकीट जड झालंय. पत्रच का, ते शेवटी लिहिते. आधी घरचं आणि कॉलेजचं ऐक.

माझ्या डोळ्यांचं तुला माहीतच आहे. कडेचं आधी जातं, मधलं शेवटी. आता मला पाइपातून बघितल्यासारखं दिसतं, आणि अंधार पडला की तेही नाही. मधलं किती वर्षं टिकेल, ते कुणालाच सांगता येत नाही. पहिले काही महिने मी फक्त रडले, तेही तुला माहीत आहे. मग एक दिवस बी.ए.च्या सगळ्या विषयांची नावं समोर ठेवली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, तुला माझे डोळे लागतात का? भारतीय अर्थव्यवस्था, आर्थिक विचारांचा इतिहास, सार्वजनिक वित्त हे विषय ऐकून होतात. फोन पुस्तक वाचून दाखवतो. पण पानावर आकृती आली की तो नुसता ‘इमेज’ म्हणतो आणि पुढे जातो. त्या इमेजमध्येच तर सगळं असतं रे! मागणीचा वक्र, खर्चाचा वक्र, सांख्यिकीचे आलेख, आणि जिच्यासाठी मी अर्थशास्त्र घेतलं ती अर्थमिती. कागदभर विखुरलेल्या ठिपक्यांमधून एक सरळ रेघ जाते आणि कापसाचा भाव आणि पेरा यांचं नातं सांगते, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. ते मला डोळ्यांनी शिकायचंय. म्हणून मी ठरवलं की डोळ्यांचे विषय आधी आणि कानांचे मागून.

ठरवणं सोपं होतं. कॉलेजात सांगायला गेले तर विभागप्रमुख सर म्हणाले, असं उलटंसुलटं चालत नाही. गणित नाही तर सांख्यिकी नाही, सांख्यिकी नाही तर अर्थमिती नाही, आणि अर्थमिती शेवटच्या वर्षाला. त्यांचं चूक नव्हतं. पाया न घालता भिंत उभी राहत नाही, हे मलाही कळतं. पण त्यांचं शेवटचं वर्ष येईपर्यंत माझे डोळे थांबायला हवेत ना! मग त्यांनी मायेने सुचवलं, बेटा, त्यापेक्षा संगीत घे, तुझ्यासारख्यांना ते बरं पडतं. दादा, माझा आवाज तू ऐकलायस. आपल्या पिपरीच्या घरात मी गायला लागले की शेजारचा कुत्रा उठून दुसऱ्या आळीत जातो. मी सरांना एवढंच म्हटलं की सर, मला संगीतात नापास व्हायचं नाही. राग आला होता, पण रडू त्याहून जास्त आलं होतं, म्हणून पटकन बाहेर आले.

मोहिनी मॅडम बाहेरच भेटल्या. त्या आम्हाला सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवतात. त्यांनी समजूत काढली नाही. स्टाफरूममध्ये नेलं आणि विचारलं, ‘तुझा क्रम सांग.’ मी सांगत गेले, त्या खोडत गेल्या. अर्थमिती थेट उचलता येणार नाही, म्हणाल्या, पण तिच्याकडे जाणारा रस्ता आपण लहान करू. गणित त्यांनी उन्हाळ्यात स्वतः शिकवलं. सांख्यिकीला मी यंदाच, वरच्या वर्गात जाऊन पहिल्या बाकावर बसते. पुढच्या वर्षी अर्थमिती. इतिहास, सार्वजनिक वित्त, कृषी अर्थशास्त्र सगळं शेवटी ढकललं. विद्यापीठाची परवानगी मिळवायला त्या नागपूरला दोनदा जाऊन आल्या. मंजुरी आली त्या दिवशी सरांनी मला बोलावलं आणि स्वतःची जुनी फूटपट्टी दिली, उठावाच्या आकड्यांची. आकडे बोटाला कळतात. मी त्यांच्याबद्दल जे जे मनात बोलले होते ते मनातच परत घेतलं.

घरी माझा वेगळा उद्योग चालू असतो. जे वक्र आज दिसतात ते बोटांना पाठ करून ठेवायचे म्हणून आईच्या परातीत ज्वारीचं पीठ पसरते आणि डोळे मिटून गिरवते. परवा आई मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘काय गिरवून राह्यली वं कवाची?’ मी म्हटलं, मागणी आणि पुरवठा. तर म्हणते, ‘घरात भाकरीचीबी मागणी हाये. परात तू घेऊन बसली, मंग पुरवठा कोन करन?’ बाबा जेवायचे थांबून हसत सुटले. पण रात्री तिनेच जुनी परात घासून माझ्या टेबलावर ठेवली, त्यात चाळलेली बारीक वाळू घालून.

मागच्या रविवारी नाचणगावला गेले होते, ताराचंदमामाकडे. मामाचे डोळे वेल्डिंगने गेले असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. ठिणग्यांकडे बघून बघून कमी दिसायला लागलं, म्हणून त्याने ऐन उमेदीत पुलगावचं वर्कशॉप सोडलं. मी अडखळायला लागले तेव्हाही सगळे म्हणाले, कमी उजेडात वाचते, दुसरं काय! डॉक्टरांनी मात्र मामाचं ऐकून मान हलवली. वेल्डिंगचा काही संबंध नाही, म्हणाले, मामाचं आणि माझं दुखणं एकच आहे, आईच्या घराण्यातून उतरलेलं. आईला स्वतःला ते नाही, पण तिच्यातून पुढे येऊ शकतं. हे मामाला मीच सांगायचं असं ठरवून गेले होते. तो खाटेवर बसला आणि म्हणाला, ‘म्हंजे मी काम उगाच सोडलं म्हन. मले आवडे ते काम.’ दादा, मला तिथे बसवेना. काम सोडून त्याचे डोळे वाचलेही नाहीत, आणि जितके दिवस डोळे होते तितके दिवस ते त्याला करता आलं असतं. निघताना त्याने माझा हात धरला आणि विचारलं, ‘तू तं शिकणं सोडून नाई राह्यली ना?’ मी नाही म्हटलं. वर्ध्याच्या बसमध्ये बसल्यावर मात्र खूप रडले.

आता पत्र का लिहिलं ते सांगते. शेजारच्या रुपाच्या लग्नाला तू आला होतास. नालवाडीहून परतताना लाइट गेली, तेव्हा तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. मला वाटलं, दादा मला सांभाळतोय. मी निर्धास्त चालले, आणि आपण दोघंही रस्त्याकडेच्या नालीत गेलो. आई ओरडली, तू हसलास, मीही हसले. पण तो हात मला सावरत नव्हता, दादा. तो माझा आधार घेत होता. ते मला त्याच रात्री कळलं, कारण मी स्वतः तसाच हात ठेवते. नंतर खूप वेळा वाटलं की माझाच भ्रम असेल. तो भ्रमच असू दे, मला खोटं ठरव. पण परवा तू फोनवर सांगितलंस की पुढच्या महिन्यापासून पुण्यात कंपनीची बस रात्रपाळीला चालवणार, आणि तेव्हापासून मला झोप नाही. फोनवर बोलले असते तर तू ‘मले काई नाई होत’ म्हणून ठेवून दिला असता, आणि आईने ऐकलं असतं. दुखणं माहेरचं म्हणून ती आधीच स्वतःला दोष देते आहे. तुझ्याबद्दल तिला मी अजून काही बोलले नाही. डॉक्टरांनी भावाला तपासायला आणा असं स्पष्ट सांगितलंय. निकाल काहीही येवो, मी तुझ्याबरोबर असेन. काय आधी करायचं आणि काय मागून, ते आपण दोघं बसून ठरवू, त्यात मी आता बऱ्यापैकी तरबेज झालेय. तोवर स्टिअरिंगला हात लावू नकोस. सुट्टी काढ आणि घरी ये. दिवसाच्या गाडीने ये.

तुझीच,
जागृती