तुझ्या डाव्या बाजूला मी

प्रिय माय,

काल तुझी लाडकी सून, माझी वहिनी, घरी येऊन जे बोलून गेली, ते ऐकल्यापासून तुझ्याशी भांडावंसं वाटून राहिलं आहे. तू जाऊन तीन महिने झाले. आता भांडायला हा कागदच उरला!

तुझ्या उजव्या बाजूला नेहमी वहिनीच काऊन गं? जेवताना ती उजवीकडे, मी डावीकडे. सडक अर्जुनीला जाताना ऑटोतसुद्धा तसंच. मी उजवीकडे बसायला गेले की तू म्हणायचीस, "तू इकडं ये वं." पोटची पोर मी, अन् ऐकणारा कान सुनेला?

ऑपरेशनआधीचे दिवस मी विसरले नाही. गालाला पदर लागला तरी करंट लागल्यासारखी ओरडायचीस. दाढदुखी समजून दोन चांगल्या दाढा काढल्या, तरी कळ तशीच. मग नागपूरला चेहऱ्याच्या नसेचं ऑपरेशन झालं. कळ गेली, पण डावा गाल सुन्न झाला अन् डावा कानही गेला. असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तू म्हणालीस, "गाल मरू द्या, कळ गेली पाहिजे." तेव्हापासून त्याचं नावच 'मेला गाल' पडलं.

त्या मेल्या गालापाशी मी बसायचे. भाताचं शीत ओठावरून ओघळायचं, तुला पत्ता नसायचा. मी दस्तीनं तोंड पुसायचे, तेही तुला कळायचं नाही! तिकडे वहिनी कानात काही बोलली की तू खुदकन हसायचीस. माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा तर त्या बंद कानात मी म्हटलं, "तुले वहिनीच आवडते ना?" तू भात चावत राहिलीस.

काल वहिनी तुझी ती दस्ती मागायला आली. मी सरळ नाही म्हटलं. तशी ती रडायलाच लागली.

"ताई, मायनं मले एकदाबी तोंड पुसू नाही देल्लं. म्हणे, सुनेसमोर लाज वाटते, डावीकडं माझी पोरगीच पाहिजे. लगित जळत होती मी तुमच्यावर!"

मग हे मला कधी सांगितलं काऊन नाहीस, माय? खरं सांगू? ती रडत होती अन् माझ्या जिवाला थंडक पडत होती. वाईट आहे ना मी?

दस्ती तिला देईन, वचन देते. पण आधी तुझ्या कानात काय सांगून ती तुला हसवायची, ते सगळं तिनं मला सांगायला पाहिजे. एकही गोष्ट सोडणार नाही मी.

तुझ्या डावीकडची,
सुनंदा