हात दाखवून ओलांडलेला रस्ता

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. बदलीचं गाव तुला आणि गावाला वहिनी मानवली असेल, अशी आशा आहे (हे वाक्य वहिनीला वाचून दाखवू नकोस). शाळेचं वर्ष संपेपर्यंत माझ्याकडे ठेवलेली तुमची लेक खुशाल आहे. जेवते, झोपते आणि उरलेल्या वेळात माझ्या चुका काढते.

"भिंगरीला चालत पाठवू नकोस, रिक्षा लाव," हे तुझं फर्मान पोचलं. ते मी पाळणार नाही. (हे वाक्य आधी डायरीत तीनदा लिहून पाहिलं, तिन्ही वेळा तसंच आलं.) शाळा घरापासून सातशे पावलांवर, मधे रस्ता एकच. आठ वर्षांच्या धडधाकट मुलीला तो ओलांडता येत नसेल, तर खोट तिच्यात नाही, आपल्यात आहे. म्हणून मी रोज तिच्याबरोबर चालत जाते आणि शिकवते: कडेला थांबायचं, उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघायचं, आणि हात दाखवून मगच निघायचं.

इथे माझं चुकलं. हात दाखवला की गाडी थांबते, एवढंच मी सांगितलं. कोणती गाडी कशासाठी थांबते, हे सांगायचं राहिलं. पहिल्याच दिवशी तिने रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी हात वर केला आणि बस करकचून थांबली. दार उघडलं. कंडक्टर ओरडला, "चला, आत चला, आत चला!" भिंगरी म्हणाली, "आम्हाला नाही यायचं, तुम्ही थांबा फक्त." आणि माझं बोट धरून ऐटीत पलीकडे गेली. अख्खी बस माझ्याकडे बघत होती. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी ड्रायव्हर स्वतः खाली उतरला. (पन्नाशी उलटलेला, चष्मा कपाळावर. तो डोळ्यांवर का नाही, हे विचारायचा धीर मला झाला नाही, याची नोंद केली आहे.)

"बाई, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! बसायचं नाही तर हात कशाला दाखवता?"

मी माफीची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात भिंगरीने त्यालाच विचारलं, "मग मी तुम्हाला दिसले, हे मला कसं कळणार?"

ड्रायव्हरने चष्मा डोळ्यांवर घेतला. मग तिथेच ठराव झाला. बस हवी असेल तर हात आडवा, रस्ता हवा असेल तर तळवा समोर. आणि भिंगरीची अट अशी, की त्यानेही काचेमागून तळवा दाखवायचा. तोवर ती पाय उचलणार नाही.

"म्हणजे निम्मी ड्यूटी माझ्याच गळ्यात?" तो म्हणाला.

"निम्मी माझ्याकडे आहेच की," ती म्हणाली.

तेव्हापासून तो रोज तळवा दाखवतो (कंडक्टरही दाखवतो, त्याची गरज नसते). तेव्हा रिक्षा लागणार नाही. शाळेचा फॉर्म सोबत जोडला आहे: 'पाल्य एकटे ये-जा करू शकते.' आत्या पालकांत मोडत नाही, म्हणून सही तुझी लागते. मुकाट्याने करून पाठव.

तुझी,
धाकटी

ता. क. हे लपवून सही मागणं बरं नव्हे. गुरुवारी मला उशीर झाला, म्हणून तिला शेजारच्या आजोबांबरोबर पुढे पाठवलं आणि मागून स्कूटरवर ऑफिसला निघाले. डोक्यात हेच पत्र ('फर्मान' लिहावं की 'आज्ञा'?). पट्ट्यांपाशी ओळखीचा तळवा वर झालेला दिसला. मला वाटलं, टाटा करतेय. मीही हात दाखवला आणि न थांबता पुढे गेले. दादा, ठरावाप्रमाणे मी तिला 'ये' म्हटलं होतं.

ती रस्त्यावर उतरली नाही. संध्याकाळी मी कबुली द्यायच्या आत म्हणाली, "आत्या, तुझा हात आला, पण चाक थांबलं नव्हतं. मी चाकाकडे बघत होते." हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. डायरीतलं गुरुवारचं पान अजून कोरं आहे.

ता. क. २. शाळेच्या फॉर्मची तिने स्वतःच्या अक्षरात एक नक्कल केली आहे: 'आत्या स्कूटरवर एकटी ये-जा करू शकते.' सही मागितली, तर "बघू" म्हणते. तोवर मी ऑफिसला पायी जाते. तुझ्या गाडीचाही फॉर्म तयार आहे.