आडनावाच्या चौकटीत बाबांचं नाव

नेहासे १७

नेहासे महिना अर्धा सरला, आजही काही नाही! "आपल्या शोधाशी जुळणारं पुस्तक सापडलं नाही" – हे वाक्य मला आता पाठ झालंय.

बाबांचं पुस्तक जगात कुठेतरी असणारच. मधमाश्यांवरचं, पातळसं, १९६८ सालचं. बाबा शेतकी शाळेत शिकवायचे, पदरमोड करून छापलं होतं. घरातल्या सगळ्या प्रती आईनं जाळल्या. १९७० मध्ये बाबांना सैनिकांनी नेलं, ते गेल्याचं कळलं, त्याच आठवड्यात जाळल्या म्हणते. त्या वर्षी अदिस अबाबामध्ये छापील कागदाचीसुद्धा लोकांना भीती वाटायची. मी चार वर्षांची होते. बाबांचा फोटो नाही, कबर नाही. त्यांनी लिहिलेलं काहीतरी हातात धरायचंय, एवढंच.

हे इंटरनेटवरचं परदेशी दुकान जुनी पुस्तकं विकतं, लाखांनी. आमच्या भाषेतलीही असतात. पण यंत्राचा मला भरवसा नाही. आपल्याला काय हवंय हे ओळखून तेच नेमकं मागे सारत असेल!

आईनं विचारलं, काय बघतेस एवढं. पाऊस कधी थांबणार ते, म्हटलं.

नेहासे १९

मूर्खपणा माझाच. या लोकांना आडनाव लागतं. आम्हाला आडनावं नाहीत हे त्यांच्या डोक्यातच शिरत नाही. आपलं नाव, पुढे बापाचं, मग आजोबांचं – संपलं. ते सगळ्यात शेवटचं नाव उचलतात आणि त्यालाच आडनाव समजतात. म्हणजे बाबा, दिबेकुलू बेयेने, शोधायचे तर आजोबांना आडनाव करायचं!

केलं. बेयेने शेकड्यांनी निघाले. देशात अर्ध्या लोकांचे आजोबा बेयेने असावेत. मग 'मधमाश्या' शब्द जोडला. स्वयंपाकाची पुस्तकं वगळली (मधाच्या नावाखाली तीच येतात). साल १९६८ टाकलं. मग आठवलं, त्यांची कालगणना आपल्यापुढे सात-आठ वर्षं धावते. १९७५ टाकलं, १९७६ टाकलं.

नाही. कुणीतरी आपल्याआधी विकत घेतलंय. कोण? आणि का?

नेहासे २३



आज शाळेत पुढच्या वर्षाचं वेळापत्रक करून आले, डोकं शिणलेलं. दुकान उघडलं आणि सवयीनं, मी माझ्या नावापुढे लिहिते तसं, आडनावाच्या चौकटीत 'दिबेकुलू' लिहून बसले. साफ चूक. तिथे 'बेयेने' लिहायचं. पुसणार तेवढ्यात उत्तर आलं.

एकच पुस्तक. लेखक – येशीवास दिबेकुलू. विषय – जिम्माच्या रानातला मध.

येशीवास, दिबेकुलूचा मुलगा. दुसरा अर्थ होतच नाही. इतकी वर्षं भूगोल शिकवतेय, हजेरीत तऱ्हेतऱ्हेचे बाप वाचले. दिबेकुलू एकही नाही. आणि या दिबेकुलूच्या मुलालाही मधच सुचावा?

असेल योगायोग. मध काय, कुणीही काढतं.

नेहासे २४

योगायोग नाही वाटत.

नेहासे २६

दुकानाच्या टिपणात आहे – लेखकाचा जन्म १९७५. त्यांचं साल. आपलं करायचं तर १९६७. तेव्हा मी एक वर्षाची!

म्हणजे मी रांगत होते तेव्हा बाबांनी तिकडे दूर जिम्मा गावात दुसरा संसार थाटला होता. मधाचे दौरे! आई अजूनही सांगते, बिचारे रानोमाळ हिंडायचे. मी संतापले आहे. पन्नास वर्षं ज्या माणसासाठी मेणबत्त्या लावल्या, त्याच्यावर चिडायचं तरी कसं, तो समोर नाही.

आईला ठाऊक असेल? आज ती कॉफी भाजत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत बसले होते. शेवटी म्हणाली, "काय गं, माझ्या तोंडावर काही लिहिलंय का?" मी धुरामुळे डोळे चुरचुरतात म्हटलं. तिनं खिडकी उघडली.

दुकानाला कळवलं – पुस्तकाच्या मागच्या पानाचा आणि अर्पणपत्रिकेचा फोटो पाठवा. ग्राहकानं असं मागितलं तर पाठवतात. नाही पाठवला तर समजायचं, काळंबेरं आहे.

पागुमे २

फोटो आले.

पुस्तक आमच्याच भाषेत, छापलेलं जिम्मात. मागच्या पानावर 'जन्म १९७५'. जिम्मात छापलेल्या पुस्तकात परदेशी साल कशाला असेल! हे आपलं साल आहे. दुकानानं आकडा तसाच उतरवून घेतला आणि मी शहाणी त्यातून आठ वजा करून बसले.

अर्पण – "वडिलांना, ज्यांनी मला पोळ्यापाशी धूर धरायला शिकवलं."

बाबा १९७० मध्ये मेले. पाच वर्षांनी त्यांना मुलगा झाला, आणि धूर धरण्याइतका मोठा होईपर्यंत ते त्याच्यापाशी होते.

ते मेले नव्हते.

पागुमे ३

आज राफाएल देवदूताचा सण, आजचं पावसाचं पाणी पवित्र. आईनं नेहमीसारखं पावसाचं पाणी धरलं, त्यात पीठ भिजवलं. तिच्या पाठीकडे बघत मी एकच विचार करत होते. पुस्तकं जळाली ते मला आठवतं. अंगण आठवतं, आई काठीनं पानं उलटत होती तेही. आणि मी शाळेच्या गणवेशात होते. हिरव्या, तिसरीच्या. राख बाहीवर पडली म्हणून रडले होते.

चार वर्षांच्या मुलीला कसला आलाय गणवेश! तिसरीत मी नऊ वर्षांची. म्हणजे १९७५, येशीवासच्या जन्माचं वर्ष.

हे इतकी वर्षं माझ्या डोक्यात होतं आणि मी एकदाही हिशेब जुळवला नाही. आईनं सांगितलं, मी मानलं.

पागुमे ४

विचारलं. सरळ नाही, कडेकडेनं. भांडी पुसताना म्हटलं, बाबा गेल्याचं तुला कोणी सांगितलं होतं?

"सांगितलं कुणीतरी. तेव्हा सगळ्यांकडे तीच बातमी असायची."

कोणी पण?

"पोरी, पन्नास वर्षांनी काय नाव सांगू?"

ताट तिनं दोनदा पुसलं. कोरडंच होतं.

मी खोटं बोलणाऱ्या मुलांसमोर आयुष्य काढलंय. पण या बाईपुढे मला पुढचा प्रश्न विचारवत नाही. ती माझ्या फीसाठी वर्षानुवर्षं शिवणावर वाकली, तिचा अंगठा सुईनं टणक झालाय. तिला खोटारडी म्हणायचं, आणि मग जेवायला कुणापाशी बसायचं?

पुस्तक मागवलंय. पत्ता शाळेचा दिला, घरचा नाही.

मेस्करेम १

पाच दिवसांचा पागुमे संपला, नवं वर्ष. जमिनीवर हिरवं गवत, त्यावर पिवळी फुलं, कोंबडीचा रस्सा. सकाळी मुली दारात गाऊन गेल्या, आईनं त्यांना पाव दिला.

कॉफीच्या दुसऱ्या फेरीला मी फक्त एक नाव उच्चारलं. येशीवास. बापाचं नाव जोडलं नाही, कोण तेही सांगितलं नाही.

आई ओतत होती, तशीच ओतत राहिली. थेंबही सांडला नाही. कप माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "म्हणजे मुलगा झाला तर."