शुक्राची कोर

औरंगाबाद, २८ मे १९४८

प्रिय नजमुन्निसा,

तू हैदराबादला गेल्यापासून तुझी तीन पत्रं आली आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही. रागाव हवी तेवढी, पण आधी हे पुरतं वाच.

यांची छाती फार बिघडली आहे. जिना चढवत नाही. दुर्बीण गच्चीवर आणि हे खाली खाटेवर. शुक्राची कोर सध्या मावळतीनंतर दौलताबादच्या अंगाला दिसते, रोज बारीक होत चालली आहे. तिचा फोटो निघावा, एवढं एकच यांच्या मनात उरलंय. म्हणून मी शिकले. दुर्बिणीच्या मागे कॅमेऱ्याची पेटी बांधायची, पुढे तिच्या तोंडावर यांची रुमी टोपी धरायची, एक म्हणेस्तोवर उचलायची आणि पुन्हा झाकायची. हे खालून ओरडतात, "हळू उचल गं, शुक्र काय पळून चाललाय?" आणि मग खोकला. फोटोच्या पहिल्या तीन काचा माझ्या थरथरीनं गेल्या. एकीवर तर कोरीऐवजी गांडूळ आलं. हे हसले, पुष्कळ दिवसांनी.

चौथी काच शेवटची. हिंदुस्थानच्या नाकाबंदीनं मुंबईचा माल बंद आहे. गुलमंडीवरचे फोटोवाले कय्युमभाई म्हणाले, "भाभी, इथं मीठ मिळंना, काचा कुठल्या?"

त्या संध्याकाळी हात स्थिर राहिला. पण उन्हाळ्यात काच गार पाण्यातच धुवावी लागते, तुला ठाऊक आहे. त्यासाठी मी एक सुरई वेगळी ठेवते. खाली आले तर यांना ताप चढलेला. सुरई कपाळावरच्या पट्ट्यांना संपली. पाणी निवेस्तोवर, सकाळपर्यंत थांबायला हवं होतं. पण हे सारखे विचारत होते, आली का, आली का. मग हौदाचं पाणी घेतलं, दिवसभर तापलेलं. लाल दिव्यात कोर दिसली गं, कापलेल्या नखाएवढी. आणि डोळ्यांदेखत फोटोचा थर काचेवरून सायीसारखा सुटला, वाहून गेला.

अंधाऱ्या खोलीतून बाहेर येऊन मी सांगितलं, आली, वाळतेय. चार दिवस ती वाळतेच आहे.

तुझ्याकडे नव्या काचा मागाव्यात, असं मनात आलं होतं. पण शुक्र दिसायचे थोडेच दिवस उरलेत आणि डॉक्टरांनी यांना त्याहूनही कमी दिलेत. आठ वर्षांपूर्वी तू आमच्याच गच्चीवरून काढलेली कोर तुझ्याकडे आहे. शिकवलं यांनी आणि साधलं तुला, म्हणून रुसून यांनी ती पाहिलीसुद्धा नव्हती. आठ वर्षांनी शुक्र तिथंच आणि तसाच येतो. ती काच मला देऊन टाक. मी ती माझी म्हणून यांच्या हातात ठेवणार आहे. पत्र घेऊन माझा भाऊ बन्सी दारात उभा असेल. त्याला परतीची गाडी लगेच आहे. नजमा, त्याला चहालासुद्धा थांबवू नकोस.

तुझीच,
आवडा