चष्म्यासकट दिसेल अशी दुर्बीण

३ ऑक्टोबर

प्रिय भावोजींस,
स. न. वि. वि.

तुमचं खुशालीचं पत्र पोचलं. मी बरी आहे. शिवण हातात असलं की दुपार निघून जाते. संध्याकाळ मात्र हट्टी, सरता सरत नाही. म्हणून काल ह्यांची दुर्बीण कपाटातून काढली आणि एकटीच तळ्यावर निघाले. एका डोळ्याने बघायची, तिपाईवर बसवायची ती नळी ह्यांच्या खांद्यावर अशी असायची, जशी काही छत्री. ह्यांच्या पश्चात प्रथमच मी ती उचलली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत कशीबशी पोचले आणि पायरीवर बसले. कंपाउंडर बाहेर येऊन पेशंट कुठे आहे विचारू लागला, तेव्हा मी दुर्बिणीकडे बोट दाखवलं. तिथूनच परत फिरले.

तेव्हा मला एक लहान आणि हलकी बघून द्या. माझ्या शिवणाच्या पिशवीत मावेल अशी. इथला दुकानदार गळ्यात अडकवायची दोन डोळ्यांची घ्या म्हणतो. पण पक्षी बसतात पार पलीकडे, चिखलाच्या बेटावर. तिच्यातून ते पक्षी आहेत की ढेकळं, तेही कळणार नाही. आणि हो, ह्यांच्यासारखी सरळ नळीचीच हवी. जन्मभर लोकांना दुर्बिणी विकल्यात, आता घरच्या माणसासाठी एक निवडा.

कळावे, लोभ आहे तो तसाच राहू द्यावा.
वहिनी

---

११ ऑक्टोबर

ती. स्व. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कंपाउंडरची दया आली. दुकानात गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न एकच, किती पट जवळ दिसतं. साठ पट म्हटलं की चेहरा खुलतो. पण हलक्या तिपाईवर साठ पट लावलं की जरा वारा सुटताच पक्षी थरथरू लागतो, आणि उन्हं चढल्यावर तर नुसती वाफ दिसते. तुम्हाला पंचवीस पट पुष्कळ झालं. पुढची काच पन्नास मिलिमीटरची घेऊ. सांजावल्यावर चित्र दादाच्या दुर्बिणीपेक्षा थोडं अंधारं दिसेल, पण वजन पाण्याने भरलेल्या बाटलीएवढंच.

डोळा लावायची काच सरळ असते किंवा वर कललेली. कललेलीत मान खाली घालून बघायचं. तिपाई बुटकी चालते, मान अवघडत नाही, आणि उंच-ठेंगणी दोन माणसं तिपाईला हात न लावता आळीपाळीने बघू शकतात. विचार करा.

एक कोडं मात्र सुटत नाही. दादाच्या दुर्बिणीला डोळा अगदी काचेला चिकटवावा लागतो. तुमचा चष्मा तर चांगला जाड. चष्मा लावून तिच्यात काळोख आणि मधोमध बटणाएवढा उजेड, याहून जास्त काही दिसू नये. तुम्ही चष्मा काढून बघत होतात का? हे कळल्याशिवाय मला निवडता येणार नाही.

माझं नेहमीचंच. नवी दुर्बीण आली की दुकानाच्या दारातून समोरच्या गच्चीवरच्या टाकीवर रोखून तपासतो. त्या टाकीचा गंज मला तोंडपाठ आहे. रविवारी दुकान बंद, म्हणजे टाकीही नाही.

तब्येतीस जपा. लोभ तर तुमचा आहेच, पत्रही लवकर यावं.
आपला,
धाकटा दीर

---

१८ ऑक्टोबर

प्रिय भावोजींस,
स. न. वि. वि.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि हे आपल्या दोघांतच राहू द्या. तुम्ही लिहिलंय तेच. काळोख आणि बटणाएवढा उजेड. त्यात काहीतरी हलायचं. पक्षी असेल किंवा गवत.

हे पक्षी शोधायचे, बाजूला सरायचे आणि मला पुढे ढकलायचे. पटकन बघ, उडेल, असा घोशा. चष्मा काढून चित्र स्पष्ट होईपर्यंत चक्र फिरवत बसायला सवड कोण देतं? पहिल्यांदा मी घाईत ‘दिसला’ असं म्हणून गेले. हे इतके खूश झाले की दुसऱ्यांदा नाही म्हणवेना. पुढे तर सवयच झाली. हे आधी वर्णन करायचे, तेच मी जरा शब्द फिरवून परत सांगायचे. लबाडी म्हणा हवं तर. मला पक्ष्यांचं काय पडलं होतं? शेजारी स्टूल टाकून बसायला मिळत होतं, तेवढ्यावर माझं भागत होतं.

आता शेजार नाही. राहता राहिलं ते बेट. हे इतकी वर्षं मला पाठमोरे होऊन काय बघत होते, ते एकदा डोळ्यांनी बघावंसं वाटतं. तेही नाही जमलं तर तळ्यावर जाणं सोडून देईन. नुसतं बसायला घर आहेच.

सरळच पाठवा. आळीपाळीने बघायला इथे दुसरं आहे कोण?

हसू नका. लोभ कमी करू नका.
वहिनी

---

२७ ऑक्टोबर

ती. स्व. वहिनीस,
कृ. सा. न. वि. वि.

हसलो नाही. उलट एक गोष्ट सांगू की नको, या विचारात दोन पत्रं फाडली. दादा मागे दुकानात आला होता, तेव्हा चष्म्यावाल्यांना सोयीचं आयपीस, म्हणजे डोळा लावायची काच, मी त्याला दाखवलं होतं, तुमच्यासाठीच. डोळा जरा लांब ठेवूनही त्यातून पूर्ण चित्र दिसतं. तो ऐटीत म्हणाला की तिला कशाला, तिची नजर माझ्याहून पक्की आहे. त्याने ते परत ठेवायला लावलं आणि दुकानाच्या मालकासमोर तुमचं कौतुक करत बसला. तुम्हाला वाईट वाटेल, पण तुमच्यापासून लपवून ठेवणंही बरं वाटेना.

दुर्बीण पार्सलने निघाली आहे. तसंच आयपीस लावलं आहे. त्याच्या कडेचं रबर फिरवून खाली बसवा, चष्मा काढू नका. नळी कललेली आहे. रागवा, पण परत पाठवू नका.

पोचल्याचं कळवा म्हणजे जिवाला स्वस्थता.
आपला,
धाकटा दीर

---

९ नोव्हेंबर

प्रिय भावोजींस,
स. न. वि. वि.

पोचली. रागवायचं नंतर ठरवलं, कारण पहिले काही दिवस वेळच झाला नाही. खाली बघायचं आणि समोरचं दिसायचं, हे माझ्या मानेला पटेना. आभाळ सापडलं, चिखल सापडला, एका म्हशीचा कान सापडला.

आज सकाळी शेकाट्या सापडला. चित्र काठोकाठ भरलेलं, कुठेही काळोख नाही. काडीसारख्या पायांवर तो उभा होता आणि अगदी सावकाश पंख साफ करत होता. मी बघत होते, मागून घाई करणारं कुणी नव्हतं. मन भरेपर्यंत बघितलं, तरी तो उडाला नाही.

आणि भावोजी, त्याचे पाय लाल नाहीत. हे नेहमी लालभडक म्हणायचे, आणि मीही लाल लाल करत आले. आयुष्य दोऱ्यांच्या रिळांत गेलं माझं, रंग मला कळतो. ते पाय गुलाबी आहेत! ह्यांना ठणकावून सांगायला मी चटकन बाजूला वळले. स्टुलाशेजारी गवत होतं. ह्यांच्याशी भांडायला पहिल्यांदाच माझ्याकडे माझं स्वतःचं काही होतं, आणि ऐकायला हे नव्हते. मग दुर्बीण तशीच सोडून बराच वेळ बसून राहिले. तुम्ही आयपीसची गोष्ट सांगितलीत त्याचं वाईट वाटलं का विचाराल, तर हो, तेव्हा वाटलं.

तुम्ही या. मालकाला काहीही सांगा, पण या. पायांचा रंग कोणता ते तुमच्या डोळ्यांनी बघा आणि मला खोटं पाडा. माझी भीड धरून मान डोलावलीत तर दुर्बीण पार्सलने परत. उन्हाळा लागला की पक्षी निघून जातात आणि पुढे किती तरी दिवस नुसतं पाणी असतं. त्याच्या आत या.

लोभ पोस्टात टाकू नका, सोबत घेऊन या.
वहिनी