नकाशे सरांचा माइक बंद आहे

सोमवार, ४ तारीख

आले एकदाची. सामान म्हणजे दोन बॅगा, हेडफोन आणि ही कोरी वही. कॉलेजने शिक्षकांच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावरची खोली दिली आहे. नळाला पाणी आहे, खिडकीला पडदा आहे आणि टेबल चक्क डुगडुगत नाही, त्यामुळे मी एकदम खूश. सहा आठवड्यांत चौदा प्राध्यापकांना ऑनलाइन शिकवायला शिकवायचं, शेवटी प्रत्येकापुढे ‘तयार’ किंवा ‘तयार नाही’ असं लिहायचं, की मी मोकळी. प्राचार्यांनी सांगून टाकलं की ज्याच्यापुढे ‘तयार नाही’ येईल, त्याचे वर्ग दुसऱ्याकडे जातील.

चौदाही जण आज कॉम्प्युटर-खोलीत आले होते. रसायनशास्त्राच्या तरुण बाई सगळ्यांत तरबेज, मी सांगायच्या आत बटण दाबून मोकळ्या. भूगोलाचे सर सगळ्यांत वयस्कर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. उंच, किडकिडीत, काखेत नकाशाची गुंडाळी. ते म्हणाले, मुलांनी माझं नाव नकाशे ठेवलं आणि तेच पडलं, खरं आडनाव आता फक्त ऑफिसातल्या क्लार्कला आठवतं, तेही पगाराच्या दिवशी. त्यांचं घर इथून चार मिनिटांवर आहे. माझ्या खिडकीतून त्यांचं छप्पर दिसतं.

गुरुवार, ७ तारीख

छान चाललंय. नकाशे सरांना एकच अडचण, समोर चेहरे नसले की त्यांना बोलणं सुचत नाही. मी म्हटलं, कॅमेऱ्याकडे बघा, तिथे एक विद्यार्थी बसलाय असं समजा. दुसऱ्या दिवशी पाहते तर त्यांच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना कागदाचे दोन डोळे चिकटवलेले, वर भुवयासुद्धा! सगळे हसून हसून बेजार.

पहिल्या सरावात पाच मिनिटं माइक बंद ठेवूनच शिकवलं. मी थांबवलं, तेव्हा ओशाळले आणि खिशातल्या डायरीत ‘आधी माइक’ असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. गोड माणूस आहे. जरा वेळखाऊ आहे, इतकंच.

मंगळवार, १२ तारीख

कालपासून सराव ज्याच्या त्याच्या घरून सुरू झाला. मी कॉम्प्युटर-खोलीत बसते आणि एकेकाचा पाठ पाहते. नकाशे सर काल पुन्हा म्यूटवर. एकोणीस मिनिटं! पठार समजावलं, घाट समजावला, हातवारे केले, प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहिली, आणि आवाज शून्य.

मला पहिल्याच मिनिटाला दिसलं होतं. सांगितलं नाही. वाटलं, सगळ्यांना दाखवायला याहून चांगला नमुना मिळणार नाही.

आज मोठ्या पडद्यावर ते रेकॉर्डिंग लावलं. हशा पिकला. सरही हसले, चष्मा पुसत बसले. नंतर सगळे गेल्यावर जवळ आले आणि विचारलं की काल तुम्हाला दिसत होतं का. मी म्हटलं, छे हो, मला रेकॉर्डिंग पाहतानाच कळलं. ते म्हणाले, मग ठीक आहे. दोनदा म्हणाले.

किती सहज बोलून गेले मी. मन जरा खट्टू झालं आहे. पण उद्यापासून नियम केला, आता कुणालाही आठवण करायची नाही, ज्याचं त्यानं बघायचं. एरवी शिकणार कधी?

शुक्रवार, १५ तारीख, दुपार

सकाळी दहाला नकाशे सरांचा पाठ, नदीचा त्रिभुज प्रदेश. मागे भिंतीवर नकाशा, हातात लांब पट्टी. आणि माइकवर लाल रेघ! मी कपाळावर हात मारला. नियम म्हणजे नियम, गप्प बसले.

पाचेक मिनिटं शिकवलं असेल. मग पट्टी खाली ठेवली आणि टेबलाला धरून उभे राहिले. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आले. ओठ भराभर हलत होते. एक हात वर केला, बोटांनी स्क्रीनवर टकटक केली. आता बसलेत बटण शोधत, असं वाटून मला हसू आलं. मग मी बाजूला वळून त्यांचा फॉर्म भरायला घेतला. ‘माइक तपासला : नाही. अडचण आल्यावर स्थिर राहिले : नाही.’ पुन्हा पाहिलं तेव्हा खुर्चीत मान खाली घालून बसले होते. रुसले, दुसरं काय. साडेदहाला रसायनवाल्या बाईंचा नंबर होता, म्हणून दहा चोवीसला मी मीटिंग बंद केली.

त्याच दिवशी, संध्याकाळ

प्राचार्य स्वतः आले होते. नकाशे सर गेले.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, भाजी आणायला गेल्या होत्या. पावणेअकराला परतल्या तेव्हा सर खुर्चीतच होते, समोर लॅपटॉप सुरू. डॉक्टर म्हणाले, दहा-पंधरा मिनिटं आधी कुणाला कळलं असतं तर.

प्राचार्यांनी विचारलं, सर सकाळी सरावाला आले होते का. मी सांगितलं की आले होते, पण माझं नेट गेलं, मला काहीच दिसलं नाही.

ते गेल्यावर माझ्याकडचं रेकॉर्डिंग पुसून टाकलं. फॉर्मही.

शनिवार, १६ तारीख

सरांच्या घरी जाऊन आले. काकूंनी माझाच हात हातात घेतला. म्हणाल्या, हे घरी रोज तुमच्याबद्दल बोलायचे, मॅडम चुका पोटात घालतात म्हणायचे. मला जागच्या जागी गाडून घ्यावंसं वाटलं. सांगायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात कुणीतरी आत आलं.

मंगळवार, १९ तारीख

काकू लॅपटॉप घेऊन खोलीवर आल्या. जिना चढून दमल्या होत्या, पाणी दिलं. म्हणाल्या, ‘अहो मॅडम, यात यांचा शेवटचा पाठ आहे. चित्र दिसतंय पण आवाजच येत नाही. तुम्हाला यातलं कळतं. यांचा आवाज तेवढा काढून द्या मला. बाकी काही नको.’

रेकॉर्डिंग त्यांच्या लॅपटॉपवरही साठलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मीच शिकवलं होतं की दोन्हीकडे ठेवत जा.

मी म्हटलं, काकू, ठेवून जा, बघते.

बुधवार, २० तारीख

पाहिलं. चोवीस मिनिटं. मोठ्या चौकटीत सर आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत मी. मी हसते आहे, स्पष्ट दिसतं. मग मान वळवून लिहायला लागते. त्यानंतरही सहा मिनिटं सर माझ्याकडे बघून बोलत आहेत. सहा. मी मोजली.

काकूंनी हे पाहिलंय. कोपऱ्यात कोण आहे ते त्यांना कळलं नाही की कळूनही बोलल्या नाहीत?

फाइल पुसली. आवाज निघत नाही, प्रयत्नात फाइल खराब झाली असं सांगेन.

गुरुवार, २१ तारीख

फाइल आहे. होती तिथेच. आणि चोवीस नाही, एकतीस मिनिटं.

मी दहा चोवीसला मीटिंग बंद केली होती. त्यापुढे रेकॉर्डिंग होऊच शकत नाही, हे मी लोकांना शिकवते. पंचविसाव्या मिनिटाला कोपऱ्यातली माझी चौकट काळी होते. सर तसेच, मान खाली. तीस मिनिटांपर्यंत काही नाही. मग मान वर येते.

लॅपटॉप बंद केला. कपाटात ठेवला. कपाटाला कुलूप लावलं.

शुक्रवार, २२ तारीख

आज सगळ्यांचा एकत्र तास होता. सरांना वगळून तेरा. पडद्यावर माझ्याशिवाय चौदा चौकटी.

चौदावी काळी होती. खाली नाव ‘भूगोल’. सरांनी ते नाव माझ्यासमोर टाइप केलं होतं. लॅपटॉप माझ्या कपाटात, कुलपात. किल्ली माझ्या पर्समध्ये.

मी ती चौकट काढून टाकली. पुन्हा आली. पुन्हा काढली. बाकीचे लिहीत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात रसायनवाल्या बाई म्हणाल्या, ‘मॅडम, कुणाचा तरी माइक बंद आहे बघा. हात वर केलाय कधीचा.’

मी म्हटलं, तांत्रिक बिघाड आहे. तास संपवला. जेवण गेलं नाही.

सोमवार, २५ तारीख

लॅपटॉप परत दिला. तो खोलीत ठेवणं मला झेपत नव्हतं. आज सांगायचंच, असं ठरवून गेले होते, वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली. काकू, मला दिसत होतं. एवढी चारच तर अक्षरं... चार शब्द.

काकू खंगल्यासारख्या दिसत होत्या. एकटीसाठी काय रांधायचं, म्हणाल्या. सरांच्याच टेबलावर त्यांनी लॅपटॉप उघडून ठेवला, कॅमेऱ्याभोवती ते कागदी डोळे तसेच. मी म्हटलं, आवाज नाही निघत. त्या म्हणाल्या, राहू दे. पस्तीस वर्षं या तोंडाकडे बघत आलेय, आवाज नसला तरी मला कळतं हे काय म्हणतायत ते. ‘मॅडम’ म्हणतायत. सारखं तेच.

मग विचारलं, ‘तुम्ही होतात ना तिथे?’

मी म्हटलं, नाही. माझं नेट गेलं होतं.

त्यांनी मान हलवली. चहा टाकू का म्हणाल्या.

मंगळवार, २६ तारीख

‘भूगोल’ आला. आता काळी चौकट नाही. त्यांची खोली दिसते, नकाशा, टेबल. आणि सर खुर्चीत. मला दिसतात. रसायनवाल्या बाईंना ते दिसत नाहीत, त्यांना फक्त खोली दिसते, काकूंनी चुकून सुरू ठेवलं असेल म्हणाल्या.

सर चिडलेले नाहीत. तेच सहन होत नाही. घाईत आहेत. बोलतात, थांबतात, मागे बोट दाखवतात. मागे स्वयंपाकघराचं दार. पुन्हा माझ्याकडे बघून बोलतात — ओठांवरून लावून पाहिलं. ‘मॅडम’ — मग ‘ती’ — मग काही —

माझ्यावर सूड उगवायचा असेल तर उगवा. पण असं विनवू नका हो.

पडदा बंद केला.

बुधवार, २७ तारीख

१०.०५

कॉम्प्युटर-खोलीत एकटीच. चौकट आपोआप उघडली. खुर्ची रिकामी. आज पहिल्यांदाच.

खुर्चीच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात — काकू. जमिनीवर. एका कुशीवर. हात हलतोय.

सूड नव्हे. कालपासून हेच सांगत होते. ती. तिच्याकडे बघा.

१०.०८

फोन लावला. चौकटीत त्यांच्या टेबलावरचा फोन उजळताना दिसतो. आवाज नाही. काकूंनी मान वळवली फोनकडे. पोचत नाहीत. फोन विझला. पुन्हा लावला. पुन्हा उजळला, विझला.

घर चार मिनिटांवर. प्राचार्य शेजारच्याच खोलीत. पण ते विचारतील, तुम्हाला कसं कळलं. दिसलं म्हणू? कॅमेऱ्यातून? मग त्या दिवशी का नाही — मग नेट —

१०.१२

काकू बोलतायत. इकडे बघून. ओठ —

कुणी येईल. दूधवाला, शेजारीण. कुणीतरी दार वाजवेलच —

१०.१५

सर आले. माझ्याकडे बघत नाहीत आता. एकदाही नाही. तिच्या शेजारी खाली बसलेत, तिच्या डोक्याखाली हात घालू बघतात. हात आरपार जातो. पुन्हा घालतात. पुन्हा —

मी हे का लिहितेय. लिहायची वेळ आहे का ही. तेव्हाही लिहीतच —

१०.१९

हात थांबला. — नाही. हलला. हलला!

उठ. काय म्हणायचं ते म्हणू देत सगळ्यांना. दार उघड आणि ओरड. एवढी ओळ संपली की उठते. दार शेजारीच आहे. एवढं फक्त — मला दिसत होतं, सर. मला तेव्हाही सगळं दि